मुरघास बिघडतो कुठे? भरण्याआधीपासून गव्हाणीपर्यंतच्या पायऱ्या आणि त्यामागचं जिवाणूंचं गणित

एप्रिल-मे लागला की माण-खटावात, आटपाडी-जतकडे मुरघासाच्या बॅगा उघडायला सुरुवात होते आणि तक्रारीही ठरलेल्याच येतात. वरचा थर काळा निघाला. बॅग उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी वैरण हाताला गरम लागली. गाय हुंगते आणि मान फिरवते. मग दोष जातो बॅगेला, कल्चरला (वैरण आंबवणाऱ्या जिवाणूंच्या पाकिटाला), नाहीतर मक्याच्या बियाण्याला. खरं तर बिघाड बहुतेक वेळा भरण्याच्या दिवशीच झालेला असतो, कधी त्याच्याही आधी, कापणीची तारीख ठरवताना.

मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेली हिरवी वैरण, नुसती डांबून ठेवलेली नव्हे. मक्याच्या ताटात साखर असते आणि ती कोण खाणार हे आपण ठरवत असतो. पुढची प्रत्येक पायरी याच एका प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून आधी साखरेचे वाटेकरी ओळखा, मग कामाला लागा.

## साखरेचे चार वाटेकरी

कापल्यावर मका लगेच मरत नाही. कुट्टीच्या तुकड्यातल्या पेशी काही तास श्वास घेत राहतात. पानांवर जिवाणू, यीस्ट आणि बुरशीही शेतातूनच आलेली असते. सगळ्यांना जगायला एटीपी लागतं. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोकड, काहीही करायचं तर तीच मोजावी लागते. ही रोकड कोण कशी कमावतो यावर आपल्या हाती काय उरतं ते ठरतं.

हवेवर जगणारे. मक्याच्या जिवंत पेशी, बुरशी आणि हवेवर जगणारे जिवाणू ग्लुकोज ऑक्सिजनने पूर्ण जाळतात. एका रेणूतून त्यांना सुमारे ३० एटीपी मिळतात. मागे राहतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता. जनावरासाठी काहीच नाही. बॅग तापते ती यामुळे.

लॅक्टिक आम्ल बनवणारे. यांना हवा लागत नाही. ते ग्लुकोज अर्धवटच फोडतात आणि एका रेणूमागे फक्त २ एटीपीवर भागवतात. फोडताना निघालेले इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकावे लागतात. ऑक्सिजनचा मार्ग वापरात नसल्याने ते पायरुव्हिक आम्लावर टाकले जातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. आपला सगळा फायदा इथेच आहे. कमाई इतकी तुटपुंजी की पोट भरायला त्यांना भरपूर साखर पालटावी लागते, त्यामुळे आम्ल झपाट्याने साठतं. आणि मूळ ऊर्जेतली जेमतेम एक टक्का वाया जाते, बाकी सगळी आम्लातच राहते. पुढे गाईच्या कोठीपोटातले जिवाणू तेच आम्ल वापरतात आणि ऊर्जा गाईला पोचते. याच गटातली एक जात मात्र निम्म्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करते आणि उरलेल्याचा अल्कोहोल आणि वायू. तिच्या हाती पडलेल्या साखरेचं २४ टक्के वजन उडून जातं.

यीस्ट. हवा नसताना यांनाही २ एटीपीच मिळतात, पण हे साखरेचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. जवळपास निम्मं वजन हवेत जातं आणि आम्ल होतच नाही. हवा मिळाली तर हेच यीस्ट तयार झालेलं लॅक्टिक आम्लसुद्धा जाळून खातं. हे लक्षात ठेवा, उघडताना लागेल.

क्लॉस्ट्रिडियम. मातीतून आणि शेणातून येणारे, ओलाव्यात माजणारे जिवाणू. हे दोन लॅक्टिक आम्लांचं मिळून एक ब्युटिरिक आम्ल करतात. आम्लाचा जोर कमी होतो, सामू (पीएच) वर चढतो, प्रथिनं कुजून अमोनिया सुटतो. ग्लुकोजचं वजन निम्म्याहून जास्त जातं आणि ऊर्जेतला सुमारे १८ टक्के वाटाही. मुरघासाचा खरा शत्रू हाच.

यातल्या दुसऱ्या, लॅक्टिक आम्लवाल्या वाटेकऱ्याला जागा करून द्यायची आणि बाकी तिघांना उपाशी ठेवायचं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

## १. आधी हिशोब, मग खड्डा

सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. लोक आधी खड्डा खणतात, मग जनावरं मोजतात.

रोज उघड्या तोंडावरून किमान १५ सेंटीमीटर जाडीचा थर उचलला गेला पाहिजे. उन्हाळ्यात २० ते ३० सेंटीमीटर उचलला तर उत्तम. त्याहून कमी उचलला की यीस्ट तुमच्या पुढे धावतं.

उदाहरण घ्या. दहा दुभती जनावरं, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे रोज १५० किलो. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला सुमारे ६०० किलो भरतो. खड्डा दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठेवला तर रोज साधारण १७ सेंटीमीटर जाडीचा थर जाईल. चालेल. तोच खड्डा तीन मीटर रुंद केला तर थर आठ-साडेआठ सेंटीमीटरवर येतो आणि तुम्ही रोज तापलेली वैरण टाकाल. म्हणून अरुंद आणि लांब.

चार-पाचच जनावरं असतील तर खड्ड्याच्या नादी लागू नका. ५०० किलोची बॅग आठवड्यात संपते, ती घ्या. एक टनाची बॅग स्वस्त पडते खरी, पण शेवटचे दोनशे किलो उकिरड्यावर गेले तर ती स्वस्ताई कसली?

एकूण किती भरायचं? जनावरं गुणिले रोजचे किलो गुणिले दिवस, आणि वर दहा टक्के नासाडीचे. पाच जनावरांना चार महिने १५ किलोप्रमाणे ९ टन लागतात, म्हणजे १० टन भरा.

## २. जागा

काळ्या जमिनीत कच्चा खड्डा नको. उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि भेगेतून हवा आत जाते. मुरमाड जागा बघा, नाहीतर भिंती बांधून घ्या. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात खड्ड्यापेक्षा उंचवट्यावरचा बंकर (जमिनीवर भिंती बांधून केलेली जागा) किंवा बॅगा बऱ्या. कृष्णा-वारणाकाठच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ च्या पुराची रेघ आठवून त्याच्या वर जागा धरावी.

तळाला थोडा उतार द्या. निथळलेला रस विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका, तो पाण्यातला ऑक्सिजन झटक्यात संपवतो आणि मासे मरतात.

## ३. कापणीचा दिवस

मुरघास इथेच जिंकतो किंवा हरतो.

कणीस मधोमध मोडा आणि दाण्याचा गराच्या बाजूचा, म्हणजे अंकुर नसलेल्या बाजूचा भाग बघा. वरून कडक पिवळा आणि खाली दुधाळ, यांच्या मधली रेघ दिसते. ती दाण्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत खाली उतरली की कापा. नुसता चिकात आला म्हणून कापणारे घाई करतात. त्या वेळी ताटात ७५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, रस वाहून जातो, त्यासोबत साखर जाते आणि ओलाव्यात क्लॉस्ट्रिडियमचं फावतं. उलट पानं वाळेपर्यंत थांबलात तर कुट्टी दबत नाही, मध्ये हवा राहते आणि पहिला वाटेकरी जिंकतो.

ओलावा ६५ ते ७० टक्के असावा.

> तपासा: मुठीची चाचणी. मूठभर कुट्टी अर्धा-एक मिनिट घट्ट आवळा आणि हात उघडा. बोटांतून पाणी ठिबकलं तर थांबा. गोळा तसाच राहिला आणि तळवा चांगला ओला झाला तर अजून एक-दोन दिवस जाऊ द्या. गोळा हळूहळू उलगडला आणि हाताला नुसता दमटपणा लागला तर आजच कापा. लगेच सुटून पडला तर उशीर झालाय, बारीक कुट्टी आणि दुप्पट दाबणं हाच उपाय.

कापताना जमिनीपासून वीतभर बुडखा सोडा. वैरण कमी पडेल म्हणून मुळाशी कापणारे माती आत आणतात आणि मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू. शिवाय जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट बुडख्यात जास्त साठतं. दुष्काळी पट्ट्यात पीक ताणावर असताना एकदम पाऊस झाला तर किमान चार-पाच दिवस कापू नका, त्या दिवसांत ताटात नायट्रेट चढलेलं असतं.

लष्करी अळीसाठी फवारलं असेल तर डब्याच्या लेबलवर कापणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते पाळा.

## ४. कुट्टी

एक ते दोन सेंटीमीटर. लांब तुकडे दबत नाहीत, जनावर त्यातून निवडून खातं आणि दांडे गव्हाणीत राहतात. फार बारीक केली तर रवंथ कमी होतो. मशीनची पाती सकाळीच धार लावून घ्या. बोथट पात्याने ताट चिरडतं, कापलं जात नाही. दाणा अख्खा सुटत असेल तर तो शेणातून तसाच बाहेर पडेल, तेव्हा कुट्टीत दाणे फुटलेले दिसले पाहिजेत.

> सावध. चारा अडकला की हाताने ढकलू नका. मशीन बंद करा, मगच काढा. पदर, उपरणं, सैल बाही मशीनजवळ नको.

## ५. काय मिसळायचं, काय नाही

योग्य वेळी कापलेल्या मक्यात स्वतःची साखर पुरेशी असते. गूळ टाकायची गरज नाही. तरीही भागात टनाला पाच-दहा किलो गूळ टाकायची रीतच पडली आहे, आणि ओल्या मक्यात तर तो रसाबरोबर वाहून जातो.

गूळ किंवा मळी (मोलॅसिस) लागते ती नेपियर गवताला. त्यात पाणी फार आणि साखर कमी. नेपियर कापून दिवसभर सुकू द्या आणि टनाला २० ते ४० किलो मळी पाण्यात पातळ करून शिंपडा. लसूणघासाचंही तसंच. त्यातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात, सामू लवकर उतरत नाही. लसूणघास मक्यात थोडा मिसळून भरणं सोपं.

कल्चर वापरायचं तर चाऱ्याच्या दर ग्रॅमला किमान एक लाख जिवंत जिवाणू पडतील एवढं लागतं. पाकिटावर आकडा आणि मुदत दोन्ही बघा. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम सामू लवकर उतरवतो. उन्हाळ्यात उघडल्यावर तापण्याचा त्रास असेल तर लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जिवाणू असलेलं घ्या. तो लॅक्टिक आम्लाचा काही भाग ॲसेटिक आम्लात बदलतो आणि ॲसेटिक आम्ल यीस्टला मानवत नाही. थोडी ऊर्जा जाते, पण वैरण टिकते. कल्चर नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात कालवू नका, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. पाकिटं दुकानात उन्हात पडलेली असतील तर ती पैसे देऊन घेतलेली पांढरी पूड आहे, एवढंच.

दही-ताक ओतायचा सल्ला मोबाइलवर फिरतो. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेवर पोसलेले असतात, मक्याच्या कुट्टीत त्यांचा भरवसा धरू नये. युरिया स्वतःच्या मनाने टाकू नका. त्याचा अमोनिया होतो, आम्लाचा जोर मोडतो आणि नीट मिसळला नाही तर एखाद्या जनावराच्या वाट्याला विषाचा घास जातो.

## ६. भरणं आणि दाबणं

एका दिवसात भरून, त्याच दिवशी बंद. हा नियम मोडायचा असेल तर मुरघास करूच नका. मजूर, कुट्टी मशीन, ट्रॉली, प्लॅस्टिकचा कागद हे सगळं जागेवर आल्याशिवाय पहिलं ताट कापू नका. अर्धा खड्डा भरून रात्रभर उघडा टाकला की सकाळी त्यात हात घालून बघा, ऊब लागेल. ती तुमची साखर जळतेय.

क्रम असा ठेवा:

तळाला आणि भिंतींना कागद अंथरा, दोन्ही बाजूंनी वर दुमडता येईल एवढा जास्त सोडा. कुट्टी ढीग करून ओतू नका. १५ सेंटीमीटरचा थर पसरा, दाबा, मग पुढचा. ट्रॅक्टर असेल तर हळू आणि पुन्हापुन्हा फिरवा. आधी टायर धुवा, गोठ्यातून आलेल्या टायरला शेण असतं. भिंतींच्या कडा आणि कोपरे ट्रॅक्टरला सापडत नाहीत, तिथे माणसं उभी करून पायांनी तुडवा. उघडताना काळा पट्टा नेमका तिथेच सापडतो.

बॅगेत माणसाने आत उतरून, कडेकडेने गोल फिरत तुडवायचं. मधोमध उभं राहून नाचल्याने मधला भाग दबतो आणि कडा पोकळ राहतात.

> तपासा. जोर लावूनही पंजा आत घुसता कामा नये. पहिली ५०० किलोची बॅग वजनकाट्यावर घाला. ४०० च्या आसपास भरली तर तुडवणं कमी पडतंय, दुसऱ्या बॅगेपासून सुधारा.

> सावध. बंकरच्या कडेला किंवा उंच ढिगावर ट्रॅक्टर आडवा वळवू नका, उलटतो.

## ७. बंद करणं

कागद किमान दीडशे मायक्रॉनचा, बाहेरून पांढरा आणि आतून काळा असलेला चांगला. वरचा थर मधोमध फुगीर ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. कागदावर सगळीकडून वजन हवं, नुसत्या कडांना चार दगड ठेवून भागत नाही. जुने टायर, वाळूची किंवा मातीची पोती चालतात. बॅगेच्या आतली प्लॅस्टिक पिशवी हवा दाबून काढत पिळा आणि दुहेरी गाठ मारा.

उंदीर, कावळे आणि कुत्री यांचा बंदोबस्त त्याच दिवशी करा. सुईएवढं छिद्र दिसलं तरी त्याच क्षणी चिकटपट्टी. एका छिद्राभोवती पाटीभर वैरण जाते.

## ८. पंचेचाळीस दिवस

पहिले काही तास आतला उरलेला ऑक्सिजन संपतो. एक-दोन दिवस ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू धुडगूस घालतात, मग लॅक्टिकवाले ताबा घेतात आणि दोन-तीन आठवड्यांत सामू ४ च्या आसपास येऊन थांबतो. त्या आम्लात त्यांचीही वाढ थांबते. ४५ दिवस थांबा. तीन-चार महिने थांबलात तर दाण्यातला स्टार्च आणखी पचनसुलभ होतो, त्यामुळे गडबड नसेल तर लांबवा. मध्ये ‘जरा बघू या’ म्हणून गाठ सोडू नका.

> सावध. भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पिवळसर-तपकिरी, ब्लीचिंगसारख्या वासाचा वायू दिसला तर लांब व्हा, मुलांना आणि जनावरांनाही हलवा. तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसं जाळतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. खोल खड्ड्यात कार्बन डायऑक्साइडही साचतो. आत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उडी मारू नका.

## ९. उघडा, हुंगा, मोजा

उघडल्यावर आधी नाक वापरा. कोण जिंकला ते वास सांगतो.

सुखद आंबट वास, पिवळसर-हिरवा रंग, दाणा ओळखू येतो: लॅक्टिकवाल्यांनी काम केलंय.

व्हिनेगरचा झणका: ॲसेटिक आम्ल जास्त. चालतं, पण गाय कमी खाते. भरायला वेळ लागला किंवा ओलावा जास्त होता.

दारूचा वास: यीस्ट.

खवट लोण्यासारखा, हाताला चिकटून राहणारा वास आणि चिकट, काळपट-हिरवी कुट्टी: क्लॉस्ट्रिडियम. पुढच्या वेळी उशिरा कापा आणि माती टाळा. हा माल दुभत्या किंवा व्यायला झालेल्या गाईला घालू नका.

तंबाखूसारखा करपट गोड वास, तपकिरी रंग: आत फार तापला. जनावरं आवडीने खातात म्हणून लोक खूश होतात, पण प्रथिनं साखरेशी बांधली गेलेली असतात आणि ती अंगी लागत नाहीत.

सामू मोजायला पट्ट्या मिळतात. एक भाग मुरघास नऊ भाग शुद्ध पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पट्टी बुडवा. मक्याला ३.८ ते ४.२ हवा. ५ च्या वर गेला तर बंद करण्यात खोट आहे.

बुरशी दिसली तर दिसणारा गोळा तेवढा काढून बाकी घालू नका. भोवतालची वीतभर वैरणही फेका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि अफलाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. हवा शिरलेल्या, सामू चढलेल्या भागात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो आणि गाभण जनावर गाभाडतं.

काढताना समोरून सरळ, उभी भिंत राहील असं कापा. कुदळीने उकरून सैल केलेल्या ढिगात हवा खोलवर जाते, यीस्ट लॅक्टिक आम्ल जाळायला लागतं, सामू वर जातो आणि मग बुरशीला रान मोकळं. सकाळी एकदाच दोन दिवसांचं काढून ठेवण्याची सवय सोडा.

## १०. गव्हाणीत

पहिल्या दिवशी तीन ते पाच किलो, मग आठ-दहा दिवसांत वाढवत १५ ते २० किलोपर्यंत. सोबत कडबा हवाच, नुसत्या मुरघासावर पोट आम्लाने बिघडतं. प्रथिनं मक्यात कमी असतात, पेंड किंवा लसूणघासाने ती भरून काढा. तीन महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. धार काढायच्या आधी नको, नंतर घाला, वास दुधाला लागतो. उरलेलं गव्हाणीतून रोज काढून टाका.

## उसाचं वाडं भरणाऱ्यांसाठी

गाळपाच्या हंगामात वाळवा-कराडकडे वाडं, म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, ढिगाने मिळतं आणि त्याचा मुरघास होतो. पण ऊस तुटल्यापासून दिवसभरात कुट्टी करून भरा, पेंढ्या उन्हात पडल्या की वाडं कोरडं होतं आणि दबत नाही. वाड्यासोबत उसाची कांडी जास्त आली तर साखर भरमसाट होते आणि ती यीस्टच्या घशात जाते, म्हणून कांडी छाटून काढा. अख्खा ऊस कुट्टी करून तसाच भरायचा विचार करूच नका. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरतं, आणि आंबवल्याने ते पूर्ण जात नाही. दुभत्या गाईला वाड्याचा मुरघास घालताना खनिज मिश्रण रोज द्या आणि निम्मी वैरण दुसरी ठेवा.